जुन्या गाडीला ब्रेक पॅड कोणते घ्यावेत?

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी सुचवलेला आहे. आष्ट्यात आणि आसपास अजून पुष्कळ घरांसमोर एमएच-10 पासिंगची जुनी मारुती 800, झेन, सँट्रो किंवा इंडिका उभी दिसते. इंजिन नीट आहे, गाडी घरच्यासारखी झालेली आहे, मग कशाला विकायची? बरोबर आहे. पण अशा गाडीचे ब्रेक पॅड संपले की आपण दुकानात जातो आणि दुकानदार विचारतो, "साधे देऊ का कंपनीचे?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, तेवढंच आज बघू.

आधी ब्रेक करतो काय ते समजून घेऊ. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. माणसं आणि सामान धरून गाडी एक टनाची आहे असं समजा. ताशी 60 किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे 1 लाख 39 हजार ज्यूल ऊर्जा असते. वेग 80 झाला की तीच ऊर्जा 2 लाख 47 हजारांवर जाते. म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकवरचं काम जवळजवळ पावणेदोन पटीने वाढलं.

आता घाट घ्या. आपण आष्ट्याहून पेठ, शिराळा, कोकरूड, मलकापूर करत आंबा घाटाने कोकणात उतरतो. समजा, घाटात 500 मीटर उंची उतरलो. एक टनाच्या गाडीला ही 49 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. 60 च्या वेगाने जाताना 35 वेळा गाडी पूर्ण थांबवण्याइतकं हे काम झालं! थोडा वाटा इंजिन आणि वारा उचलतो. गाडी न्यूट्रलला टाकून उतरवली, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकच्याच अंगावर येतो.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या जुन्या गाडीला भाव बघून पॅड टाकले. खोका होता, पण त्यावर ना नाव, ना नंबर. गावात गाडी छान थांबायची. घाटात निम्म्या वाटेवर मात्र जळका वास आला. पाय दगडासारखा घट्ट लागत होता, तरी गाडी थांबेना. मागच्या सीटवर आईवडील बसलेले. दुसऱ्या गिअरवर आणून, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा पहिल्यासारखे! पॅड निव्वळ तापले होते.

इथे एक फरक लक्षात ठेवा. पाय घट्ट लागतोय पण गाडी थांबत नाही, तेव्हा दोष बहुतेक तापलेल्या पॅडचा असतो. पाय मऊ पडून खाली जातोय, तर ब्रेक ऑइल उकळलेलं असू शकतं, त्यात हवा असू शकते किंवा ते कुठेतरी गळत असेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. म्हणून नवे पॅड घालताना ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदलून घ्या.

आता पॅडचा माल. पूर्वी बैलगाडीच्या चाकावर लाकडाचा ठोकळा दाबत. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी उतारावर गाडीवानांना त्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावताना पाहिलं आणि 1897 च्या सुमारास त्यातून ब्रेक लायनिंगचा धंदा सुरू केला, असं सांगतात. पुढे लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आलं. उष्णता झकास सोसतं, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरपर्यंत नेते. म्हणून "ॲस्बेस्टॉस नाही" असं छापलेलेच पॅड घ्या. आणि मिस्त्री ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवत असेल तर त्याला थांबवा, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. धोका त्याच्याच छातीला जास्त आहे.

आज मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला ऑरगॅनिक: मऊ, आवाज कमी, डिस्क कमी खातो, पण जास्त तापला की पकड सोडतो. दुसरा सेमी-मेटॅलिक: त्यात धातूचा अंश बराच असतो. उष्णता चांगली सोसतो, पण आवाज करतो आणि डिस्क लवकर झिजवतो. तिसरा सिरॅमिक: शांत, काळी धूळ कमी, किंमत जास्त.

मग सगळ्यात कडक पकडीचा घ्यावा का? जुन्या गाडीला नाही. या गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम असतात आणि बहुतेकांना एबीएस नसतं. पुढे फार जोराचे पॅड बसवले आणि मागचे ड्रम जुनेच राहिले, तर जोरात ब्रेक मारताच पुढची चाकं आधी जाम होतात. चाक जाम झालं की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. उसाच्या हंगामात रस्त्यावर चिखल, पुढे दिवा नसलेली ट्रॉली, अशा वेळी हे फार महागात पडतं. कंपनीने गाडीला जसा पॅड दिला होता, त्याच्या जवळचा पॅड हाच आपल्यासाठी चांगला पॅड.

तो ओळखायचा कसा? काही पॅडच्या कडेला किंवा पाठीवर दोन अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफई असेल तर तापल्यावर पकड कमी होते, असा अर्थ. ही अक्षरं पॅड किती टिकेल ते सांगत नाहीत, पण जुन्या पॅडशी तुलना करायला उपयोगी पडतात. युरोपातला आर-90 हा नियम बदली पॅडसाठीच आहे. नवा पॅड मूळ पॅडच्या फार वर किंवा खाली जाता कामा नये, हेच तो बघतो.

दुकानात जाताना जुना पॅड सोबत न्या. मॉडेल, साल आणि व्हेरिएंट सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळे कॅलिपर असू शकतात. पाठीची पत्री जुन्याशी जुळवून बघा. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर आणि तारीख हवी. जुन्या गाडीचा माल दुकानात वर्षानुवर्षं पडून असतो. पत्रीला गंज चढला असेल किंवा माल कडेने सुटत असेल तर परत करा. आणि पक्कं बिल घ्या.

बसवताना दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर घासून भागत नाही, डिस्कच बदलावी लागते. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावायला सांगा. पिन अडकली की एकच पॅड झिजतो आणि गाडी एका अंगाला ओढते.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेक आठ-दहा वेळा दाबा, पाय घट्ट लागेपर्यंत. नाहीतर गॅरेजच्या दारातच पहिला ब्रेक रिकामा जातो. मग मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा सावकाश वेग कमी करा, मध्ये पॅड थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा. आणि मग घाटात जाल तेव्हा, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.