ठरलेली थैली आणि उतरत्या वयाचा खेळाडू

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत मैदानाच्या कडेला नववींतील मुलांचा मोठा वाद चालला होता. एखाद्या फुटबॉल संघानें सदतीस-अडतीस वर्षांच्या, परंतु जगप्रसिद्ध अशा खेळाडूस भरपूर वेतन देऊन आपल्याकडे घ्यावें कीं नाहीं, हा वादाचा विषय होता. एक पक्ष म्हणे, "त्याचें नुसतें नांव ऐकूनच प्रतिपक्षाचे पाय लटपटतील." दुसरा म्हणे, "नांव कांहीं धांवत नाहीं!" आम्हांस दोन्ही बाजूंत थोडें थोडें तथ्य दिसलें. इतक्यांत घंटा झाली व वाद अर्धाच राहिला. तो येथें पुरा करावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कित्येक स्पर्धांत संघाच्या मालकास वाटेल तितका पैसा खेळाडूंवर उधळतां येत नाहीं. एका हंगामांत सर्व खेळाडूंचें मिळून वेतन अमुक रकमेच्या वर जातां कामा नये, असा नियम असतो. यासच वेतनमर्यादा म्हणतात. आपल्या देशांतील इंडियन सुपर लीग या स्पर्धेंत २०२०-२१ च्या हंगामीं ही मर्यादा साडेसोळा कोटी रुपये होती. नियमाचे हेतु दोन. एक, धनाढ्य संघानें सगळेच उत्तम खेळाडू विकत घेऊन स्पर्धेंतील चुरस नष्ट करूं नये. आणि दुसरा, चढाओढीच्या भरांत संघांनीं कर्जबाजारी होऊं नये.

आपल्या सोलापुरांत चादरीचे माग घरोघर परिचित आहेत. मागावर ताण्याचे धागे आधींच मोजून चढविलेले असतात. एका रंगाचा पट्टा रुंद केला कीं दुसऱ्या रंगाचा तितकाच अरुंद होतो. चादरीची रुंदी कांहीं वाढत नाहीं. वेतनमर्यादेचें गणित असेंच आहे. एका नामांकित खेळाडूस जितके अधिक द्यावे, तितके बाकीच्यांच्या वांट्यांतून कमी होतात. आणि हे बाकीचे म्हणजे बहुधा तरुण व अप्रसिद्ध खेळाडू असतात. ठरलेल्या पगारांत घर चालविणाऱ्या पालकांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

मग नियम करणाऱ्यांनीं स्वतःच त्यांत पळवाट कां ठेविली? अमेरिकेंतील मेजर लीग सॉकर या स्पर्धेंत २००७ सालीं असें ठरलें कीं, निवडक खेळाडूच्या वेतनाचा कांहीं ठराविक अंशच मर्यादेंत मोजावा. उरलेला भार मालकानें सोसावा. हा नियम डेव्हिड बेकहॅम या इंग्लिश खेळाडूच्या आगमनामुळें त्याच्याच नांवानें ओळखला जातो. यावरून दिसून येतें कीं, प्रसिद्ध खेळाडू केवळ गोल करण्यासाठीं घेतला जात नाहीं. प्रेक्षकांनीं मैदान भरावें म्हणूनहि घेतला जातो. त्याच्या जमाखर्चाच्या वह्या दोन असतात, एक मैदानावरची व दुसरी तिकिटांच्या खिडकीवरची. मुलांच्या वादांत जो गोंधळ झाला तो या दोन वह्या एकत्र केल्यामुळें.

आतां आपल्याकडील उदाहरणें पाहूं. २०१४ सालीं इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हां आठहि संघांस एकेक नामांकित खेळाडू घेणें आवश्यक होतें. पुण्याच्या संघानें फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे यास आणलें. यानेंच २००० सालच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इटलीविरुद्ध विजयी गोल केला होता. पुण्यास आला तेव्हां त्याचें वय छत्तीस होतें. तेथें तो नऊ सामने खेळला व त्यानें दोन गोल केले. गोव्याच्या संघांत त्याचाच देशबांधव रॉबेर पिरेस होता. त्याला त्याच हंगामांत एक्केचाळिसावें वर्ष पुरें झालें, आणि त्याच्या नांवावर एक गोल लागला. हे दोघेहि १९९८ सालच्या विश्वविजेत्या संघांतले. लोक त्यांस पाहावयास आले, नव्या स्पर्धेचें नांव दूरवर गेलें. दुसऱ्या वहींत जमा झाली, पहिलींत फारशी नाहीं.

परंतु यावरून "वय झालें कीं उपयोग संपला" असा सिद्धान्त काढणें उतावीळपणाचें होईल. त्याच गोव्याच्या संघानें २०१७ सालीं फेरान कोरोमिनास या स्पॅनिश खेळाडूस घेतलें. त्याचें वय चौतीस होतें, आणि त्याच्या नांवाचा डंका पूर्वीच्या पाहुण्यांसारखा जगभर वाजत नव्हता. त्यानें तीन हंगामांत अनुक्रमें १८, १६ व १४, असे एकूण ४८ गोल केले. २०१९-२० मध्यें गोवा संघ साखळींत पहिला आला व आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळींत खेळण्याचा मान मिळविणारा पहिला भारतीय संघ ठरला. पिरेस व कोरोमिनास या दोघांच्या उदाहरणांतील भेद केवळ वयाचा नव्हे. एकांत गतकीर्तीस मोल दिलें गेलें. दुसऱ्यांत पुढें होणाऱ्या कामास.

तिसरें उदाहरण मुंबईचें आहे. २०१६ सालीं उरुग्वेचा दिएगो फोर्लान मुंबई संघांत आला. २०१० च्या विश्वचषकांत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. मुंबईस आला तेव्हां सदतीस वर्षांचा होता. त्यानें केरळच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल केले, आणि मुंबई साखळींत प्रथम आली. पुढें उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यांत कोलकात्यास त्याला लाल कार्ड मिळालें व संघ ३-२ असा हरला. परतीच्या सामन्यांत त्याला खेळतां आलें नाहीं. मुंबईस एकहि गोल करतां आला नाहीं, आणि तिचें आव्हान तेथेंच संपलें. हंगामभर ज्याच्या आधारावर भिस्त ठेविली, तो एक दिवस नसला तर काय होतें, हें यावरून कळतें.

तेव्हां अशा खेळाडूस घेतांना शहाण्या व्यवस्थापकानें चार प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. गेल्या दोन वर्षांत तो प्रत्यक्ष किती सामने खेळला? त्याचा खेळ वेगावर अवलंबून आहे कीं नजरेवर? कारण वेग आधीं जातो, नजर पुष्कळ काळ टिकते. करार एका वर्षाचा आहे कीं अनेक वर्षांचा? आणि त्याच्या वेतनासाठीं कोणत्या तरुणाची जागा रिकामी ठेवावी लागेल? यांतील चवथा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाहीं, कारण त्या तरुणाचें नांव कोणास ठाऊक नसतें.

सोलापुरास जवळचा असा पुण्याचा तो संघ २०१९ सालीं बंद पडला. त्याचा दोष त्रेझेगेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तो तर कधींच निघून गेला होता. पण संघ बंद झाला म्हणजे प्रसिद्ध पाहुण्याचें कांहीं अडत नाहीं. अडतें तें आपल्या भागांतील मुलांचें. पुढें खेळण्याची त्यांची जवळची जागाच जाते.

विद्यार्थिमित्रहो, पुढील वर्षीं तुम्ही आपल्या वर्गाचा संघ निवडाल. तेथें पैसा नसेल, परंतु जागा अकराच असतील. तीहि एक मर्यादाच आहे. गेल्या वर्षीं ज्यानें गोल केले त्याचा मान अवश्य राखा. मात्र त्याला घेण्यापूर्वीं कडेला उभ्या असलेल्या त्या लहान मुलाकडे एकदां पाहा, आणि मग निर्णय करा.