फवारणीच्या पंपातले गुणोत्तर

फवारणीसाठी १५ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर औषध लागते असे समजू. मग ५ लिटरला किती? बरीच मुले चटकन २० म्हणतात; पाणी १० ने घटले, तेव्हा औषधही १० ने घटवायचे! खरे उत्तर १०, म्हणजे औषध दुप्पट पडले. कपाशीच्या यवतमाळ जिल्ह्यात ही चूक वहीपुरती राहत नाही. २०१७ मध्ये येथे फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. (अर्थात त्यामागे औषधांची सरमिसळ, मास्क व हातमोज्यांचा अभाव ही कारणेही सांगितली गेली; सारा दोष हिशेबाचा नव्हे.)

कोष्टकात पाणी ५, १०, १५ आणि खाली औषध १०, २०, ३० मांडले की प्रत्येक जोडीत औषधाचा आकडा दुप्पट दिसतो. मात्र ‘५ वाढले की १० वाढवा’ एवढेच ध्यानात ठेवणारे मूल ७ लिटरपाशी अडते. तेथे दोन समांतर संख्यारेषा कामी येतात. वर लिटर, खाली मिलिलिटर. शून्याखाली शून्य, १५ खाली ३०. मग ७ च्या बरोबर खाली १४ सापडतात. वजाबाकीची रीत मात्र याच रेषेवर उघडी पडते: पाणी शून्यावर आले, तरी पंपात १५ मिलिलिटर औषध शिल्लकच!