पेटीतले कागद आणि चापेकरांचे प्रश्न

कल्याणच्या पुढे : लेखांक ११

अंबरनाथच्या शिलालेखाची गोष्ट आज सांगायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या आठवड्यात. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधली अक्षरं आहेत; आठ दिवसांनी त्यांचं काही बिघडत नाही. पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका वाचक ताईंनी ज्या कागदांबद्दल विचारलं आहे, त्यांना तेवढी सवड नाही.

ताई लिहितात : आजोबांची लोखंडी पेटी माळ्यावर आहे. तिच्यात जुनं रेशनकार्ड, क्लेमचे कागद, सनद, पत्रांचा गठ्ठा आणि दोन लांबट वह्या आहेत. पत्रांतलं अक्षर उर्दूसारखं दिसतं, वह्यांमधलं तसंही नाही. घरात कुणालाच वाचता येत नाही. बॅरेकच्या जागी इमारत उभी राहणार, सामान कमी करायचं आहे. कुणाच्या उपयोगाचं असेल तर सांगा, नाहीतर रद्दीत घालते.

ताई, घालू नका. कारण सविस्तर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, तिच्या बॅरेकी, कराचीहून बोटींनी मुंबईत उतरलेली सिंधी कुटुंबं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी बसवलेली कोनशिला, हे सगळं मागच्या दोन लेखांकांत आलं आहे. ही झाली शहराची जन्मतारीख. तुमच्या पेटीत आहे तो एका घराचा इतिहास. क्लेमच्या कागदावर सिंधमध्ये काय मागे राहिलं ते लिहिलेलं असतं : घर किती खणांचं, शेत कुठलं, दुकान कशाचं. भरपाईसाठी माणसानं आपला गमावलेला संसार सरकारपुढे कलमवार मांडलेला असतो. सनदेवर लिहिलेलं असतं की त्या बदल्यात इथं काय पदरात पडलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की एका कुटुंबाचा फाळणीचा हिशेब समोर येतो, आणि असा हिशेब कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात घराघरानिशी मिळत नाही.

आता अक्षराबद्दल. पत्रं बहुधा सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत असतील. ५२ अक्षरांची ही लिपी इंग्रज सरकारनं १८५३ मध्ये ठरवून दिली आणि पुढे शाळा-कचेऱ्यांतून रुळवली. उल्हासनगरात आजही ती वाचणारी वडीलधारी माणसं आहेत. वह्यांचं मात्र वेगळं. सिंधी व्यापाऱ्यांची हिशेबाची लिपी निराळीच होती. तिला हटवाणिका म्हणतात. तीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत, त्यामुळे शब्द संदर्भानं लावावा लागतो. अरबी वळणाची सिंधी घडाघडा वाचणारा माणूसही त्या वहीपुढे अडतो.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बदलापूर-कल्याणकडच्या जुन्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल असेच पडून असतात, आणि आजोबांनी काय लिहून ठेवलं ते नातवाला लागत नाही. फरक इतकाच की मोडीचे वर्ग भरतात, पुराभिलेख संचालनालय परीक्षा घेतं, आणि त्यातून वाचणारे तयार होतात. हटवाणिकेच्या वाट्याला तेवढंही यायला हवं, असं मला फार वाटतं.

कागद वाचला गेला तरी काम संपत नाही. त्याच्या भोवतीचं जगणंही लिहून ठेवावं लागतं, आणि ते कसं लिहावं याचा धडा उल्हासनगरपासून दोन स्टेशनांवर नव्वद वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे.

नारायण गोविंद चापेकर न्यायखात्यातून निवृत्त झाले आणि बदलापुरात राहिले. १९३३ मध्ये त्यांचा 'आमचा गाव : बदलापूर' हा ग्रंथ निघाला. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि बहुतेकांना आज त्यांची तेवढीच ओळख उरली आहे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हा गावाचा ग्रंथ आहे. त्याआधी १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' आला होता. तो थोर ग्रंथ आहे, पण त्यात गाव ही व्यवस्था दिसते, एखादा नावगावाचा गाव दिसत नाही. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८२ चं. त्यात बदलापूर आहे ते कारभार हाकणाऱ्याला लागेल तेवढं. चापेकरांनी एकच गाव धरला आणि तो आतून पाहिला. जाती, घराणी, शेती, धंदे, चालीरीती, सणवार. ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात म्हणून कुणीच लिहीत नाही, त्या त्यांनी लिहिल्या. इतिहास म्हणजे लढाया आणि वतनं अशी समजूत पक्की असताना शेजाऱ्याचा जमाखर्च हा इतिहासाचा ऐवज आहे, असं एका निवृत्त न्यायाधीशाला वाटलं. पुढे १९३७ च्या 'पेशवाईच्या सावलीत' मध्येही त्यांनी असल्याच रोजच्या व्यवहारांकडे लक्ष दिलं.

उणं आहे, तेही सांगितलं पाहिजे. गाव दिसतो तो एका सुशिक्षित ब्राह्मण गृहस्थाच्या ओट्यावरून. कातकरी वाडी, ठाकूरपाडा, स्वयंपाकघर इथली माणसं त्यात आहेत. पण त्यांचं म्हणणं चापेकरांच्या शब्दांत येतं, त्यांच्या स्वतःच्या नाही. आज कुणी हे काम हाती घेतलं तर पहिली दुरुस्ती इथं करावी. ज्याची गोष्ट, त्याच्या तोंडून आणि त्याच्या भाषेत घ्यावी. मोबाइलमुळे ते आता कुणालाही जमण्यासारखं आहे.

एक योग मला नेहमी विचारात पाडतो. हा ग्रंथ छापला गेला तेव्हा कराची आणि बदलापूर एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १ एप्रिल १९३६ ला. चापेकर १९६८ पर्यंत हयात होते. म्हणजे ज्या माणसानं बदलापूर घरोघर लिहून काढलं, त्याच्या डोळ्यांदेखत शेजारी कॅम्पात अख्खं शहर वसलं. त्या शहराला मात्र चापेकर मिळाला नाही. फाळणीतल्या सिंधी कुटुंबांबद्दल नंदिता भवनानी, साझ अगरवाल, रीटा कोठारी यांनी मोलाचं काम केलं आहे, पण ते इंग्रजीत आहे आणि साऱ्या सिंधी समाजाबद्दल आहे. एकेका कॅम्पाचा, एकेका बॅरेकीच्या ओळीचा ग्रंथ अजून लिहायचा आहे.

सरकारी दप्तरावर विसंबून तो लिहिता येणार नाही. १९८३ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत गेली, १९९२ मध्ये पुन्हा बाहेर आली. दप्तरं अशी इकडून तिकडे फिरतात तेव्हा काय काय गहाळ होतं ते जुना उतारा शोधणाऱ्याला विचारा. त्यात २६ जुलै २००५ ला वालधुनी नदीचं पाणी घराघरांत शिरलं. तुमची पेटी माळ्यावर होती, ताई, हे आपलं नशीब.

तर आता काय करायचं? घरातल्या सगळ्यात वडील माणसाशेजारी बसा, पेटी उघडा, फोनचं रेकॉर्डिंग लावा. बोलणं सिंधीतच होऊ द्या. फाळणीच्या वेळी काय वाटलं, हे विचारू नका. त्याचं उत्तर सगळे सारखंच देतात. चापेकरी प्रश्न विचारा. बॅरेकीत तुमच्या वाट्याला किती जागा आली? शेजाऱ्याच्या आणि तुमच्या मध्ये पडदा कशाचा होता? चूल आत की बाहेर? पाण्याचा नळ कुठे, रांग किती वाजता लागायची? पहिली विक्री कशाची केली, माल कुठून आणला, उधारी कुणी दिली? भाजी विकायला येणाऱ्या आगरी बाईशी कुठल्या भाषेत बोलणं व्हायचं? अशा प्रश्नांना माणसं तासन्‌तास बोलतात, आणि बोलता बोलता जे कधीच सांगितलं नव्हतं तेही सांगून जातात.

हेच प्रश्न शहाड, म्हारळ, आशेळे, माणेरे इथल्या जुन्या घरांनाही विचारायला हवेत. छावणी येण्याआधी इथं शेतं होती. ती ज्यांची होती त्यांच्या आठवणींशिवाय उल्हासनगरचा इतिहास अर्धाच राहील. अंबरनाथच्या विमको नाक्याचंही तेच. आगपेट्यांचा कारखाना गेला, नाक्याचं नाव राहिलं, पण तिथं काम केलेले हात अजून आहेत.

कागदांबद्दल थोडं. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी जुना कागद कायमचा खराब होतो. टाचण्या आणि रबरबँड काढा. प्रत्येक पानाचा उजेडात सरळ वरून फोटो घ्या, कोरी वाटणारी मागची बाजूही घ्या. फोटोतल्या माणसांची नावं फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. मूळ कागद घरातच राहू द्या, प्रती वाटा. जुनी नियतकालिकं किंवा छापील पुस्तकं सापडली तर बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयात दाखवा. दुर्मिळ मराठी छापील ऐवज जपण्याचं श्याम जोशींनी तिथं उभं केलेलं काम मोठं आहे.

राहिला प्रश्न त्या दोन लांबट वह्यांचा. उल्हासनगर, कल्याण, पुणे, पिंपरी, कुठेही हटवाणिका वाचणारी व्यक्ती तुमच्या माहितीत असेल, तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. अशी माणसं आता उतारवयात आहेत. त्यांच्याशेजारी एखादी शिकणारी मुलगी बसवता आली, तर मला ते कुठल्याही स्मारकापेक्षा मोलाचं वाटेल. ताई स्वतः शिकायला तयार आहेत, असं त्यांनी दुसऱ्या पत्रात कळवलं आहे.