मेनरोडवरचं स्टेशन

बंद पडलेल्या स्टेशनावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. नाशिकरोड काही बंद पडलेलं नाही; तिथं दिवसरात्र गाड्यांची रीघ असते. बंद पडलं ते त्या स्टेशनाचं नाशिक गावातलं टोक. मेनरोडवर महापालिकेची जुनी इमारत आहे, तिथून १८८९ साली ट्राम सुटू लागली आणि आठ-दहा किलोमीटरवरच्या नाशिकरोडपर्यंत उतारूंची ने-आण करू लागली.

मुंबईहून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे थळ घाट चढून आली, पण रूळ गावाला वळसा घालून गेले. गोदास्नानाला आलेल्या यात्रेकरूला स्टेशनापासून पुढे टांगा, आणि मधे दाट झाडी. त्या वाटेवर ट्राम आली: दोन डबे, चार घोडे.

मला भुरळ पडली ती रुळांची. मुख्य मार्गाचा गेज साडेपाच फुटांचा, हा अवघा अडीच फुटांचा. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे १८९७ साली याच गेजची बार्शी लाइट रेल्वे त्यांनी उभी केली. दर आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग अरुंद रुळांवरूनही भरपूर माल जातो, हे त्यांनी तिथं दाखवून दिलं. नाशकात इंजिनाऐवजी घोडे होते. पण रुळावर चाक फार कमी अडतं, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर ओढेल त्याच्या कितीतरी पट ओझं तोच घोडा इथं ओढतो.

अडचण रुळांत नव्हती, वैरणीत होती. इंजिन उभं राहिलं की कोळसा वाचतो. घोडा उभा राहिला तरी खातोच. प्लेगात उतारू आटले, दुष्काळात वैरण महागली. अशा वर्षांचा तोटा साचत गेला, त्यात पेट्रोलच्या मोटारी आल्या आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम थांबली.

आता झाडी गेली, त्याच वाटेवरच्या द्वारका चौकात वाहनं तुंबतात. त्यावर उपाय म्हणून २०१९ साली राज्य मंत्रिमंडळानं नाशिकसाठी टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’ला मान्यता दिली. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. एक मार्ग गंगापूरहून थेट नाशिकरोडला. प्रत्यक्षात घोषणा पुढे गेल्या, काम गेलं नाही, आणि २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला. घोड्यांची ट्राम तोट्यात गेली खरी, पण चाळीसहून अधिक वर्षं चालली. नव्या आराखड्यांत गर्दीचे अंदाज भरपूर असतात. उतारू नसलेल्या वर्षाचा खर्च कोण सोसणार, हेही त्यात आधीच लिहिलेलं बरं.