हत्ती, झाडें आणि गणित

रानांत जनावरें किती असावीं व झाडोरा किती राखावा, हें गणितानें ठरवितां येतें असें सांगितल्यास पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. परंतु गायरानावर किती गुरें सोडावीं याचा अंदाज आपण दरसाल बांधतोंच. तोच अंदाज समीकरणांत मांडला म्हणजे शास्त्रज्ञ ज्यास गणिती प्रतिमान म्हणतात तें झालें. त्याचें बोधप्रद उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचें आहे.

हें उद्यान १९२६ सालीं स्थापन झालें. क्षेत्र सुमारें १९५०० चौरस किलोमीटर. हत्ती दिवसाला दीडशें किलोपर्यंत चारा खातो, आणि खातो त्याहून नासधूस अधिक करतो. साल सोलतो, उभें झाड लोळवितो. झाडोरा टिकावा म्हणून अधिकाऱ्यांनीं १९६७ पासून १९९४ पर्यंत हेलिकॉप्टरांतून शिरगणती करून जास्तीचे हत्ती मारविले व संख्या ७००० च्या आसपास राखिली. हिशेब साधा आहे. वाढ दरसाल शेंकडा ६ धरल्यास ७००० चे वर्षांत ७४२० होतात. म्हणजे संख्या स्थिर राखण्यास दरसाल ४२० हत्ती कमी केले पाहिजेत. न केल्यास चक्रवाढीनें १२ वर्षांत दुप्पट. सावकाराच्या व्याजाचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हें समजावून सांगणें नको.

पुढें लोकांचा विरोध होऊन मारणें थांबलें. आरंभीं ७००० च धरले तरी वरील दरानें २१ वर्षांनीं, म्हणजे २०१५ सालीं, सुमारें २३८०० हत्ती व्हावयास हवे होते. प्रत्यक्षांत १७००० हून थोडे अधिक निघाले. चूक गुणाकारांत नव्हती. दर कायम धरण्यांत होती. दाटी वाढली कीं माद्यांच्या दोन वेतांमधील अंतर वाढतें. शिवाय सरहद्दीवरील कुंपण कांहीं ठिकाणीं २००२ पासून काढल्यामुळें कित्येक हत्ती मोझांबिकच्या हद्दींत गेले. आणेवारी लिहितांना आम्हां कारकुनांचेंही असेंच होई. मागील सालचा आंकडा यंदा उतरून घेतला कीं तो चुकलाच.

याहून खोल विचार ग्रेम कॉग्ली या प्राणिशास्त्रज्ञानें १९७६ सालीं झांबियांतील लुआंग्वा खोऱ्याविषयीं मांडला. त्यानें एक समीकरण झाडांचें व एक हत्तींचें घेऊन दोन्ही परस्परांस जोडलीं. झाडें विपुल तेव्हां हत्ती वाढतात, हत्ती वाढले कीं झाडें घटतात, मग उपासमारीनें हत्ती घटतात आणि झाडें पुन्हा उगवतात. हें रहाटगाडगें सुमारें २०० वर्षांत एक फेरा पुरा करतें, असें त्याच्या गणितांत निघालें. तसें असल्यास हत्ती व झाडें यांचा कायमचा समतोल नाहींच, आणि एक ठराविक आंकडा धरून गोळ्या घालणें व्यर्थ होय. मोडलेलें रान पाहणारा मनुष्य तें पुन्हा उभें राहिलेलें पाहण्यास जगत नाहीं, म्हणून त्यास सर्वनाशच दिसतो. मात्र या विचाराची परीक्षा लुआंग्वांत होऊं शकली नाहीं. १९७० नंतरच्या दोन दशकांत चोरट्या शिकाऱ्यांनीं तेथील हत्ती फार मारले.

माझ्या मतें दोन्ही हिशेबांत पाण्यास द्यावें तितकें महत्त्व दिलेलें नाहीं. क्रूगरमध्यें जनावरांच्या सोयीसाठीं जागोजागीं कूपनलिका खणल्या होत्या. पूर्वीं उन्हाळ्यांत हत्ती नद्यांकडे सरकत व दूरच्या रानास विसांवा मिळे. बारमाही पाणी झाल्यावर तो मिळेनासा झाला. सर्व उद्यानाचा एकच आंकडा मांडल्यास ही गोष्ट कागदावर दिसतच नाहीं. गोरखचिंचेचें जुनें झाड पाण्याजवळ आहे कीं दहा कोस दूर, यावर त्याचें मरण अवलंबून असतें. पुढें यांतील बऱ्याच कूपनलिका बंद केल्या गेल्या.

नव्या पद्धतींत एका आंकड्याऐवजीं विभागवार पाहणी होते. झाडांची अथवा नदीकांठची स्थिति कोणत्या मर्यादेपलीकडे गेली म्हणजे पुनर्विचार करावयाचा, तें आधींच लिहून ठेवितात. हत्ती मारण्याचा मार्ग २००८ च्या सरकारी नियमांत अगदीं शेवटचा उपाय म्हणून राखला गेला.