नव्या खात्याची वही

2005 साली आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स आलं, तेव्हा मी एक शंभर पानी वही केली. खातं उघडलं तरी लॉगिन होत नाही, अशी प्रत्येक तक्रार तीत तारखेसह उतरवायची. परवा ती पुन्हा चाळली. पडद्यावरचा संदेश बहुतेक वेळा एकच: ‘लॉगिन इनकरेक्ट’. कारणं मात्र बदलत गेली.

पहिल्या पानांवरच्या चुका माझ्या आहेत. युजरअ‍ॅड आज्ञेने खातं तयार होतं, पण पासवर्ड देईपर्यंत ते कुलूपबंदच असतं. पासवर्ड जिथे साठवले जातात त्या शॅडो फाइलीत त्या नावापुढे नुसतं उद्गारचिन्ह असतं. घाईत मी ‘पी’ हा पर्याय वापरून पासवर्ड तिथल्या तिथे देऊन टाकला. त्या पर्यायाला आधीच हॅश केलेला पासवर्ड लागतो, हे मला माहीत नव्हतं. साधा शब्द जसाच्या तसा हॅशच्या जागी जाऊन बसला आणि साठ मुलांपैकी एकालाही आत जाता येईना. एफवायची मुलं ती, कित्येकांचा संगणकाला पहिलाच हात. कॅप्स लॉक बघत, एकेक अक्षर जपून दाबत राहिली. आपलंच चुकतंय अशी त्यांची खात्री होती. ते चेहरे आठवले की मला आजही लाज वाटते.

तो संदेश मोघम असतो तो मुद्दाम. नाव बरोबर आहे की नाही, हे परक्याला कळता कामा नये. ते योग्यच आहे, कारण नाव कळलं की पासवर्ड ओळखणं अनेकदा सोपं असतं. 1979 च्या लेखात रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सवरचे 3,289 पासवर्ड तपासल्याचं लिहिलं; त्यातले 2,831 सहज सापडण्याजोगे निघाले. पण खरं कारण यंत्र लॉगमध्ये लिहून ठेवतं, आणि तो लॉग मुलांना वाचता येत नाही. म्हणून तो वाचणं हे माझं काम, हे मला ती साठ मुलं अडकली त्या दिवसानंतर कळलं.

2014 ला लिनक्सची सेंटओएस 7 ही आवृत्ती आली. आधी खात्यांचे क्रमांक 500 पासून सुरू व्हायचे, आता 1000 पासून. जुनी होम फोल्डरं नव्या यंत्रावर आणली, तर त्यांची मालकी जुन्याच क्रमांकांकडे राहिली. पासवर्ड स्वीकारला जाई, पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा लॉगिनचीच खिडकी. स्वतःच्या घरात लिहायची मुभाच नव्हती! मालकी बदलली आणि सगळं सुरू झालं.

2020 च्या टाळेबंदीतली पानं सर्वांत दाट आहेत. मुलं गावाकडून एसएसएचने, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरून, लॅबच्या यंत्राला जोडली जात होती. कुणीतरी होम फोल्डरची परमिशन सगळ्यांना खुली करून टाकी, आणि इतरांना लिहिता येईल अशा फोल्डरमधल्या किल्लीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही. मुलाला दिसे फक्त ‘परमिशन डिनाइड’. तो बिचारा नवी किल्ली करी, पुन्हा तेच.

आता खातं दिल्यावर मी दुसऱ्या यंत्रावरून त्याच नावाने, त्याच पासवर्डने स्वतः आत जाऊन बघतो. रूट, म्हणजे प्रशासक, असताना ‘एसयू’ आज्ञेने त्या खात्यात जाऊन बघण्यात अर्थ नाही, कारण तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही. एक फाइल लिहितो, पुसतो, बाहेर येतो. मग पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलावा लागेल अशी नोंद करतो. साठ खात्यांना अख्खी दुपार लागते. सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची ती दुपार मी राखून ठेवतो.