गिरकी, उलटं आकाश आणि संस्कार

या मालेत आजवर आपण ज्ञान, भ्रम, प्रमाण हे शब्द बरेच वापरले. आज ते जरा हवेत नेऊन पाहू या. विषय आहे लहान, पिस्टन इंजिनाच्या विमानातल्या कसरती. लूप, रोल, स्पिन वगैरे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं इतकंच की ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांतलं अंतर इतकं लख्ख दुसरीकडे क्वचितच दिसतं. आणि इथे त्या अंतराची किंमत माणसं जिवाने मोजतात.

आपल्या वर्धा जिल्ह्यात फ्लाइंग क्लब नाही. जवळचा म्हणजे नागपूरचा, सोनेगावच्या विमानतळावरचा. तिथे शिकणाऱ्यांच्या हाती आलेलं ओळखीचं विमान म्हणजे सेस्ना १५२. दोन माणसांचं, साधं, गुणी विमान. पण ते लूप मारण्यासाठी नाही. प्रत्येक विमानाच्या सांगाड्याला भार सोसण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. नेहमीच्या लहान विमानाला गुरुत्वाच्या ३.८ पट, त्याहून जरा मजबूत वर्गाला ४.४ पट आणि कसरतीच्या वर्गाला ६ पट. उलट दिशेने, म्हणजे माणूस पट्ट्याला लटकतो तेव्हा, कसरतीच्या विमानाने ३ पट सोसायला हवं. साधं १५२ मधल्या वर्गात बसतं. त्याचंच ‘एरोबॅट’ नावाचं भावंड कसरतीच्या वर्गातलं. बाहेरून दोघं जवळपास सारखी दिसतात, म्हणून हा फरक आधी सांगितला.

हे ‘पट’ म्हणजे काय ते आपल्या हिशोबाने पाहू. साठ किलोचा माणूस चार पट भाराखाली दोनशे चाळीस किलोचा होतो. म्हणजे त्याच्या अंगावर एकशे ऐंशी किलो जादा. जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ साधारण १७० किलोची असते. वर्धा-हिंगणघाटच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको. गाठ छातीवर आहे, रक्त पायाकडे उतरतंय, डोळ्यांपुढचे रंग फिकट होताहेत, आणि या अवस्थेत हात हलका ठेवून विमान चालवायचं आहे.

भारतात ही विद्या ज्या देशी विमानावर रुजली, त्यामागे एक मराठी नाव आहे. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे हवेच्या प्रवाहाचं आधुनिक शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांतले अग्रणी. घाटगे परत आले, बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले, आणि त्यांच्या देखरेखीखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. एकामागे एक दोन जागा, पुढे १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. पुढे हवाई दलातले कितीतरी वैमानिक आयुष्यात पहिल्यांदा उलटे झाले ते या विमानात. घाटगे यांचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात ठळकपणे का नसावं, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. असो.

आता लूप. बादलीत पाणी घेऊन ती डोक्यावरून गरागरा फिरवायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. पाणी सांडत नाही. का? वर पोचल्यावर पाणी खाली पडू पाहतंच, पण बादली त्याहून जोराने वर्तुळात वळत असते. लूपमध्ये विमान म्हणजे बादली. आधी नाक खाली घालून वेग घ्यायचा, मग स्टिक सावकाश पण ठामपणे मागे ओढायची. तळाशी तीन-चार पट भार येतो. माथ्यावर वेग संपत आलेला असतो, तिथे ओढ सैल करायची, मान मागे टाकून क्षितिज शोधायचं, आणि पलीकडून उतरताना पुन्हा ओढायचं. ओढ कमी पडली तर माथ्यावर वेगच उरत नाही. ओढ जास्त झाली तर पंख स्टॉल होतात.

हा स्टॉल नीट समजून घेऊ या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुष्कळांना वाटतं स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. तसं नाही. पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला की वरच्या पृष्ठावरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. म्हणजे स्टॉल कोनावर ठरतो; वेगाचा आकडा ही नुसती खूण. भार वाढला की स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उडताना जे विमान पन्नास नॉटला स्टॉल होतं, ते चार पट भाराखाली शंभर नॉटला होईल. काटा शंभर दाखवतोय, माणूस निर्धास्त आहे, आणि पंख सुटलेले आहेत.

आणि स्टॉलमध्ये एक पंख दुसऱ्याहून जास्त सुटला की स्पिन. सेवाग्रामच्या संदर्भात टकळी आठवेल. टकळी उभ्या अक्षाभोवती फिरत खाली जाते, तसंच विमान. फरक असा की टकळीला आपण पीळ देतो, विमान स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. समोरच्या काचेत जमीन गरगरतेय. अशा वेळी अंगभूत बुद्धी सांगते, नाक खाली गेलंय, स्टिक मागे ओढ. ओढली की पंखांचा कोन वाढतो आणि गिरकी टिकून राहते. उपाय उलटा आहे. थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, गिरकीच्या विरुद्ध पूर्ण रडर, मग स्टिक पुढे. म्हणजे जमीन अंगावर येत असताना नाक जमिनीकडे ढकलायचं. फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि हळूच वर. (विमानागणिक तपशील बदलतो, ज्याच्या-त्याच्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा.)

१९१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात विल्फ्रेड पार्क नावाचा वैमानिक असा गिरकीत सापडला. त्याने आधी स्टिक ओढून पाहिली, उपयोग झाला नाही. अखेर विरुद्ध रडर दाबला आणि जमिनीपासून पन्नासेक फुटांवर विमान सरळ झालं. पुढच्या वर्षी कीवमध्ये प्योत्र नेस्तेरोव्हने पहिला लूप मारला, तर वरिष्ठांनी सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून आधी शिक्षा केली आणि मग बढती दिली. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच.

आता आमच्या प्रांतात येऊ. वैशेषिकांनी ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे फेकलेल्या वस्तूला पुढे नेत राहणारा. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी पुन्हा सरळ करणारा. भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला ठसा, ज्यातून पुढे स्मरण होतं. लूपमध्ये हे तिन्ही एका जागी भेटतात. वेग विमानाला माथ्यापर्यंत नेतो, पंख वाकून पुन्हा जागेवर येतात, आणि हात पुढे-मागे करायचा तो क्षण वैमानिकाच्या भावनेतून येतो. पुस्तकातलं वाक्य तेवढ्या वेळात आठवून होत नाही. ठसा आधीच उमटलेला लागतो.

तो उमटवायचा की नाही, यावर खरा वाद आहे. अमेरिकेने १९४९ साली खाजगी वैमानिकांसाठी स्पिनचं सक्तीचं शिक्षण काढून टाकलं. युक्तिवाद असा की शिकतानाच माणसं मरतात. त्यापेक्षा स्टॉल ओळखायला आणि टाळायला शिकवा. युक्तिवाद पोकळ नाही. बरेचसे स्पिन धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना, अवघ्या काहीशे फुटांवर होतात, आणि तिथे सुटकेचं ज्ञान असूनही उंची नसते. पण दुसरी बाजूही ऐका. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर स्टॉल झालं. वेग मोजणाऱ्या नळ्या थोडा वेळ बर्फाने बंद पडल्या होत्या. स्टॉलची सूचना वाजत होती, उंची भरपूर होती, आणि तरी स्टिक बराच काळ मागेच ओढलेली राहिली. २२८ माणसं गेली. एवढ्या मोठ्या विमानात पार्कची जुनीच गोष्ट. युरोपने डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक वैमानिकांना मोठ्या विमानावर जाण्याआधी खऱ्या विमानात किमान तीन तास असं बिघडलेल्या स्थितीतून सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं. आमचा कल या बाजूला आहे.

शिक्षण हवं म्हणजे धाडस हवं असा अर्थ कुणी काढू नये. २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना ज्या विमानात गेले ते पिट्स एस-२ए होतं. खास कसरतीसाठी घडवलेलं, दणकट. विमान कितीही दणकट असलं तरी कसरत जमिनीलगत झाली तर सावरायला जागा उरत नाही. अमेरिकेत यासाठी दीड हजार फुटांची किमान मर्यादा आहे. शिकणारे साधारणपणे त्याहून पुष्कळ वर जातात.

एक गंमत सांगून थांबतो. बॉब हूव्हर हे अमेरिकन वैमानिक दोन पिस्टन इंजिनांच्या विमानात बॅरल रोल घेता घेता एका हाताने पेल्यात चहा ओतून दाखवत. विमान उलटं, चहाची धार मात्र सरळ पेल्यात. रोल नेमका घेतला तर भार सतत जमिनीच्या दिशेनेच असल्यासारखा वाटतो. चहाला आपण उलटे आहोत हे कळत नाही. ढगात शिरलेल्या माणसाच्या कानातल्या द्रवालाही बऱ्याचदा कळत नाही. म्हणून मीमांसक म्हणतात तसं ज्ञान स्वतःच प्रमाण धरावं, की नैयायिक म्हणतात तसं बाहेरून पडताळावं, हा वाद कॉकपिटमध्ये नैयायिकांच्या बाजूने सुटतो. काटे बघायचे.

आणि स्पर्धेला निघालेले वैमानिक उड्डाणाआधी काय करतात ठाऊक आहे? स्पेनच्या होसे अरेस्ती यांनी बसवलेल्या चिन्हांत लिहिलेला कसरतींचा कागद घेऊन ते मोकळ्या जागेत पावलं टाकत, तळहाताचं विमान करून, मान वाकवत, गिरक्या घेत चालतात. विमान जमिनीवरच उभं असतं. आता प्रश्न असतील तर घेऊ या.